बंबासाठी मारामारी: प्रकल्प नोंदी

८ जून २०२५

शॉर्टफिल्मचं नक्की झालं. सात-आठ मिनिटांची, दोन चुलतभाऊ, पाडायला काढलेला वाडा आणि वाटणीत कुणाकडे जाणार यावर अडकलेला तांब्याचा बंब. बोलणं कमी, जिन्यावरची मारामारी जास्त. आमच्यात कुणालाच फाईट शूट करता येत नाही आणि फाईट मास्टर आणायला पैसे नाहीत, म्हणून मग ठरलं की शूटपर्यंत जमतील तेवढे मारामारीचे पिक्चर बघायचे, जुने, परदेशी, बी ग्रेड, काहीही, आणि प्रत्येकात एकच गोष्ट बघायची ती म्हणजे मार खाणारा काय करतोय. मारणाऱ्याकडे सगळेच बघतात.

टीम छोटी आहे. थोरला भाऊ म्हणजे पैलवान, मूळचा कोल्हापूरचा, तालमीत वाढलेला, आता पुण्यात जिममध्ये ट्रेनर. धाकटा म्हणजे आमचा नट, कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाला एकांकिका केलेला, वजन विचारू नका. कॅमेरावाली कॅमेरा बघणार, मी लिहिणार आणि एडिट करणार. वाडा सदाशिव पेठेतल्या एका काकूंचा, बिल्डरशी करार झालाय, गणपतीनंतर पाडणार आहेत, तोवर काय करायचं ते करा म्हणाल्या, फक्त तुळशीवृंदावनाला धक्का लागता कामा नये.

या फाईलमधली मतं माझी. पटली नाहीत तर कॅमेरावाली खाली कॉमेंट टाकेलच, तिला कोण अडवणार.

१२ जून

'टेकन ३', खरं तर अर्धाच. मुद्दाम वाईटापासून सुरुवात केली. लियम नीसन जाळीच्या कुंपणावरून पलीकडे जातो तो बदनाम तुकडा, पाच-सहा सेकंदांत डझनावर कट. माणूस साठीचा, त्याला उड्या मारायला लावायच्या नाहीत हे समजू शकतो, पण मग कुंपण कशाला ठेवलं, गेट उघडं ठेवायचं ना. हाणामारीत पण तेच चाललंय, ठोसा लागायच्या आधी कट, लागल्यावर कट, आणि पडणारा माणूस पडताना दिसतच नाही, डायरेक्ट जमिनीवर असतो.

हे खूळ बॉर्नच्या पिक्चरांनी आणलं असं सगळे म्हणतात, पण 'बॉर्न अल्टिमेटम'ला (२००७) एडिटिंगचं ऑस्कर उगाच नाही मिळालेलं. टँजिअरमधल्या त्या बारक्या खोलीतली फाईट कॅमेरा कितीही हलला तरी कळते, हातात पुस्तक कुणाच्या आहे, भिंत कुठे आहे, श्वास कुणाचा कोंडलाय, सगळं. नकल करणाऱ्यांनी फक्त थरथर उचलली.

१५ जून

'पोलीस स्टोरी' (१९८५). जॅकी चॅनचा, दिग्दर्शनही त्याचंच. लहानपणी केबलवर डबिंगवाला तुकड्या-तुकड्यांत बघितला होता, आता नीट बघितला, कँटनीजमध्ये. आणि काय सांगू, सुरुवातीलाच डोंगरउतारावरची अख्खी झोपडपट्टी गाड्या घालून सपाट करतात, ते बघून आपण सरळ बसतो. मग पठ्ठ्या छत्रीची मूठ अडकवून डबल डेकर बसला लोंबकळतो. पण माझं लक्ष त्या बसच्या शेवटाकडे होतं. जॅकी रस्त्यात उभा राहतो, बस कचकन थांबते आणि वरच्या मजल्याच्या काचा फोडून गुंड बाहेर रस्त्यावर आदळतात. ठरलं होतं की ते समोरच्या गाडीवर पडणार, बस अलीकडेच थांबली आणि बिचारे थेट डांबरावर. तो शॉट पिक्चरमध्ये तसाच आहे. मी मागे नेऊन नेऊन बघितला. त्या पडण्यात जे अवघडलेपण आहे ना, हात कुठे टेकवायचा ते ऐनवेळी न सुचणं, ते कुठल्याच नटाला करता येणार नाही.

शेवटी मॉल. युनिटमधले लोक म्हणे पिक्चरला 'ग्लास स्टोरी' म्हणायचे इतक्या काचा फुटल्यात. कुणी शोकेसमधून जातोय, कुणी सरकत्या जिन्यावरून, आणि प्रत्येक वेळी कॅमेरा लांब, पूर्ण माणूस फ्रेममध्ये, डोक्यापासून पायापर्यंत. खांबावरून दिव्यांच्या माळा फोडत घसरत येतो तो शॉट तीन अँगलनी तीनदा दाखवलाय, आणि मला ते फुशारकी वाटलंच नाही, हात भाजले आहेत त्या माणसाचे, दाखवू दे की दहादा.

आणि हे मला माहीत नव्हतं की ब्रूस लीच्या 'फिस्ट ऑफ फ्युरी'मध्ये (१९७२) शेवटच्या लाथेने जपानी व्हिलन भिंत फोडून बाहेर उडतो तो उडणारा माणूस जॅकी चॅन होता. म्हणजे डुप्लिकेट म्हणून. पुढे 'एंटर द ड्रॅगन'मध्येही (१९७३) ब्रूस लीकडून मान मोडून घेणाऱ्या गुंडांत तो आहेच. पडून पडून हिरो झालेला माणूस. म्हणूनच त्याच्या पिक्चरमध्ये हिरोला लागतं, तो हात झटकतो, ओरडतो, पळतो. आपल्याकडे हिरोने ओरडायचं म्हणजे फक्त आईचं नाव घेऊन.

बाकी स्टोरी बेक्कार आहे. मधले गर्लफ्रेंडचे गैरसमज आणि केकवाले विनोद फास्ट फॉरवर्ड करा, मॅगी चांग वाया गेलीय.

कामाचं: जिना बाजूने शूट करायचा, सगळ्या पायऱ्या दिसल्या पाहिजेत.

२१ जून

पालख्या शहरात आहेत, पेठांत शिरायचा प्रश्नच नाही, त्यामुळे वाड्याऐवजी कोथरूडला पैलवानाच्या जिममध्ये मॅटवर प्रॅक्टिस. आणि इथे एक अडचण निघाली जी आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

पैलवान पडत नाही. म्हणजे पडू शकत नाही. सीनमध्ये नट त्याचा पट काढतो आणि तो उताणा पडतो, एवढंच आहे. नट पायाला हात घालतो, पैलवान हवेत असतानाच अंग फिरवतो आणि पालथा नाहीतर कुशीवर येतो, मांजरासारखा. परत केलं, तेच. परत, तेच. मी म्हणलं अरे मुद्दाम करतोयस का, तर म्हणाला, "भावा, पाठ टेकली की कुस्ती गेली. सातवीत असल्यापास्नं हेच शिकलोय, मी सांगून अंग ऐकत न्हाय." आणि खरंच, डोळे मिटून पड म्हणलं तरी मान आपोआप उचलली जाते.

उलट आमचा नट, काडीपैलवान, तो असा पडतो की जिममधले लोक धावत आले. एकांकिकेत तीन प्रवेशांत तीनदा मरायचा तो, लाकडी स्टेजवर, खालून माती नाही की मॅट नाही. म्हणजे ज्याला आयुष्यभर पडायचं ट्रेनिंग आहे असं आम्ही समजत होतो त्याला न पडायचं ट्रेनिंग आहे.

कॅमेरावालीचं म्हणणं रोल उलटे करा. मला ते नको आहे, मोठा दांडगा भाऊ पडण्यातच गंमत आहे.

२६ जून

जरा हलकं म्हणून 'मास्टर ऑफ द फ्लाईंग गिलोटिन' (१९७६). जिमी वाँग यूने लिहिलाय, दिग्दर्शित केलाय आणि एका हाताचा हिरो पण तोच. व्हिलन आंधळा म्हातारा, साखळीला बांधलेली टोपी फेकतो, ती डोक्यावर बसली की मुंडकं टोपीत घेऊनच परत येते. एवढं ऐकून बघावा वाटत नसेल तर तुम्ही कशासाठी जगताय.

मधे एक मोठी स्पर्धा आहे, देशोदेशीचे फायटर, आणि त्यात आपलाही माणूस! भारतीय योगी. चिनी नटाला तपकिरी रंग फासून फेटा बांधलाय, आणि त्याचे हात लांब होतात. लांब म्हणजे खरंच सात-आठ फूट. पुढे व्हिडिओ गेममधला ढालसिम याच्यावरूनच आला असं म्हणतात, म्हणजे आम्ही लहानपणी गेम पार्लरमध्ये ज्याच्यासाठी भांडायचो त्याचा हा आजोबा. राग यावा की हसावं कळत नाही, मी हसलो. पैलवान मात्र गंभीरपणे म्हणाला की हात एवढे लांब असतील तर तो पट का काढत नाही, लांबून थापडा कसल्या मारतोय.

पण यात एक फाईट जाम डोकेबाज आहे. थाय बॉक्सर अनवाणी लढतो, तर हिरो त्याला अशा झोपडीत घेतो जिची जमीन लोखंडी आणि खाली जाळ लावलेला. मग ठोसे राहिले बाजूला, सगळी फाईट त्या माणसाच्या तळपायांची होते, पाय उचल, दुसरा टेकव, पहिला उचल. फालतू पिक्चरमधली कल्पना आणि मला महिनाभरात बघितलेल्यांपैकी सगळ्यात जास्त आवडली. जागेनेच मारलं पाहिजे. आमच्या वाड्याच्या जिन्याला काय आहे? तिसरी पायरी सैल आहे. लिहून ठेवतो.

२ जुलै

'ओल्डबॉय' (२००३), पार्क चॅन-वूक. कोरियन. हा सगळ्यांनी बघितलेला असतो, निदान तो बोळातला सीन तरी, हातोडा घेतलेला माणूस आणि समोर गर्दी, कॅमेरा बाजूने सरकतोय, कट नाही. तीन दिवसांत १७ टेक झाले होते म्हणे आणि पाठीत खुपसलेला सुरा तेवढा कम्प्युटरवर घातलेला, बाकी सगळं माणसांनी केलेलं.

गेल्या वेळी मी हिरोकडेच बघत होतो. आज गुंडांकडे बघितलं. दमलेत हो ते. मार खाऊन मागे गेलेले वाकून गुडघ्यावर हात ठेवून उभे आहेत, पुढे जायचं का नाही विचार करतायत, एकजण नुसताच काठी हलवतोय, की दुसऱ्याने जावं. हिरो चोई मिन-सिक पण आडवा पडतो आणि वाटतं झालं, मग उठतो. हिंदी पिक्चरमध्ये बाजूचे गुंड आपल्या नंबरची वाट बघत नाचत असतात, इथे वाट बघायला कारण आहे, भीती. वीस माणसांची भीती एका फ्रेममध्ये, आणि फ्रेम सपाट, शाळेच्या भिंतीवरच्या चित्रासारखी.

पुढची कथा मला झेपत नाही, दुसऱ्यांदा तर नाहीच, शेवटचा अर्धा तास जीव घुसमटतो. कॅन्सला ग्रांप्री मिळालेलं आहे (२००४), मोठा पिक्चर आहे, नाकारत नाही. पण जेवताना लावू नका, ऑक्टोपस जिवंत खाल्लाय नटाने, खराच.

६ जुलै

आषाढी. उपास, त्यामुळे दुपार मोकळी आणि पोटात साबुदाणा, म्हणून 'सेव्हन सामुराय' (१९५४) एका बैठकीत, २०७ मिनिटं. कुरोसावा. याला ऍक्शन पिक्चर म्हणायला लोक बिचकतात, जुना, काळा-पांढरा, फेस्टिवलवाला, पण अहो हाच तर बाप आहे. गावावर दरोडेखोर येणार, गावकरी भाड्याने लढवय्ये आणतात, ही गोष्ट आपण किती रूपांत बघितली ते मोजत बसलो तर रामगढपर्यंत जाता येईल.

दोन पडणी. पहिलं सुरुवातीला, पोराला ओलीस धरून कोठारात बसलेला चोर, म्हातारा सामुराय आत जातो, आत काय झालं ते दाखवतच नाहीत, चोर बाहेर येतो, दोन पावलं टाकतो आणि स्लो मोशनमध्ये कोसळतो. आजूबाजूचे लोक मात्र नॉर्मल स्पीडने. दुसरं सातांपैकी एक असलेल्या क्यूझोचं द्वंद्व, आधी लुटुपुटीचं, मग समोरच्याचा हट्ट म्हणून खऱ्या तलवारींचं, वार एका क्षणात संपतो आणि पडणं तेवढं लांबतं. वार छोटा, पडणं मोठं. १९५४ साली! आज स्लो मोशन म्हणजे हिरो गॉगल लावून चालत येतो त्यासाठी राखीव आहे.

शेवटची पावसातली लढाई अनेक कॅमेरे लावून घेतलीय आणि चिखल असा की घोडे, माणसं, भाले, सगळं एकाच रंगाचं. तरी कोण कुठे आहे कळतं, कारण त्याआधी तासभर गावाचा नकाशा आपल्या डोक्यात घातलाय, वाट कुठली अडवली, कुठली मुद्दाम उघडी ठेवली, दरोडेखोर किती उरले, कागदावर गोल काढून खोडतायत. आणि मेलेल्या चारही सामुरायांपैकी तलवारीने एकही मरत नाही, चौघेही बंदुकीच्या गोळीने. हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. इतका मोठा तलवारबाज क्यूझो, आणि त्याला मारणारा बायकापोरं ठेवलेल्या घरात लपलेला.

कामाचं: फाईटच्या आधी जिना दाखवायचा, शांतपणे. धाकटा वर जातो, तिसऱ्या पायरीवर जपून पाय टाकतो. प्रेक्षकाला पायरी माहीत पाहिजे.

११ जुलै

तांबट आळीतून एक जुना बंब भाड्याने ठरला, पोचे पडलेला, आणखी पोचे पडले तर चालेल म्हणाले, ठोकून काढू. गाद्या नटाच्या मामांच्या मंडप डेकोरेशनकडून. जिना अरुंद आहे, कॅमेरावाली म्हणते बाजूने शूट करायला कठडा आडवा येतो. काकू म्हणाल्या, काढा की कठडा, तसंही पाडायचंच आहे.

१३ जुलै

बस्टर कीटन. 'शेरलॉक ज्युनिअर' (१९२४) आणि 'स्टीमबोट बिल ज्युनिअर' (१९२८), दोन्ही मिळून एका नव्या पिक्चरएवढे होतात.

घराची पुढची भिंत अख्खी त्याच्यावर पडते आणि तो उघड्या खिडकीच्या चौकटीत येतो म्हणून वाचतो, हे रील सगळ्यांनी फोनवर बघितलंय. खरी भिंत होती, चार बोटं इकडे-तिकडे झाली असती तर संपला असता. पण मला जास्त हादरवलं ते 'शेरलॉक'मधल्या पाण्याच्या टाकीने. रेल्वेच्या टाकीचं पाणी त्याच्यावर कोसळतं आणि तो रुळावर आपटतो, उठतो, पळतो. मान मोडली होती. आणि ते त्याला कित्येक वर्षांनी एक्सरे काढल्यावर कळलं.

हा माणूस आईबापांच्या स्टेजवरच्या खेळात लहानपणापासून फेकला जात होता, बाप खरोखर उचलून फेकायचा, धरायला सोपं जावं म्हणून कपड्यांना मूठ शिवलेली. पैलवानाला हे सांगितलं तर म्हणाला आमच्या वस्तादांनी बी असंच केलं असतं, पण मूठ न्हाय, कान धरायचे.

तोंडावर एक रेघ हलत नाही कीटनच्या. पडतो, उठतो, टोपी शोधतो. जॅकी चॅनने याच्याकडून किती घेतलंय ते आता स्पष्ट दिसतं, फरक एवढाच की जॅकी दुखलं म्हणून सांगतो आणि हा सांगत नाही. आमच्या थोरल्या भावाला कीटनचं तोंड द्यायचं, धाकट्याला जॅकीचं.

१९ जुलै

आज पैलवानाला मुद्दाम बोलावून 'दे लिव्ह' (१९८८) दाखवला. जॉन कार्पेंटरचा, पूर्ण कल्ट. गोष्ट अशी की एका कामगाराला असा गॉगल सापडतो की तो लावला की शहरातल्या जाहिराती गायब होऊन खाली लपलेले हुकूम दिसतात, आज्ञा पाळा, खरेदी करा, आणि श्रीमंत लोकांतले बरेचसे कवटीतोंडे परग्रहवासी निघतात. ८८ सालचा अमेरिकेवरचा राग आहे पण पुण्यात होर्डिंगखालून जाताना आठवतोच.

आणि मधे, काही गरज नसताना, पाच मिनिटांहून मोठी मारामारी. कारण काय, तर हिरो मित्राला म्हणतो हा गॉगल घालून बघ आणि मित्र म्हणतो नाही घालणार. बस. घाण बोळ, दोन दांडगे लोक, कचऱ्याचे डबे. संपली वाटते, एकजण वळतो, परत सुरू. परत संपली वाटते, परत. तिसऱ्यांदा सुरू झाल्यावर आम्ही हसायला लागलो आणि नंतर हसणं थांबलं कारण ते दोघं खरंच दमलेत, उठायला भिंत लागतेय. कित्येक आठवडे सराव केलेला आणि चेहरा वगैरे सोडून बाकी ठिकाणी खरेच ठोसे मारत होते असं सांगतात. आमचा बंब आणि यांचा गॉगल एकच. कारण जितकं क्षुल्लक तितकी फाईट मोठी, भावाभावांत तर हमखास, कुणाच्याही गावाकडच्या बांधाची गोष्ट काढून बघा.

हिरो रॉडी पायपर, डब्ल्यूडब्ल्यूएफवाला. हे कळल्यावर पैलवानाचं तोंड वाकडं झालं, तिकडची कुस्ती म्हणजे त्याच्या मते निव्वळ नाटक. पण फाईट चालू झाल्यावर पुढे सरकून बसला. मग रिमोट माझ्या हातातून घेतला. आपटताना पायपर हात आधी जमिनीवर थाडकन मारतो, हनुवटी छातीला, खांद्याने वजन घेतो, ते त्याला बरोबर दिसलं, मला दिसलं नव्हतं. म्हणाला, "ह्यो पडतोय ते खोटं न्हाय. जिंकणं खोटं असंल." मग बराच वेळ काही बोलला नाही, चहा झाल्यावर म्हणाला, मी कुशीवर पडतो, गुडघ्यावर पडतो, तोंडावर पड म्हणलास तर तोंडावर पडतो, पाठीवर न्हाय. आणि तुझा तो थोरला भाऊ, तो बी पाठीवर पडणार न्हाय, तसं लिही.

तसं लिहिलं. स्क्रिप्ट रात्रीतून बदललं. थोरल्याची पाठ टेकवण्यासाठी धाकटा आटापिटा करतो आणि ती टेकत नाही, आता फाईटला एक धागा आला, आधी नुसते ठोसे होते. कॅमेरावालीने कॉमेंट टाकलीय: "शेवटी." एवढंच. कशाबद्दल ते कळलं नाही.

२७ जुलै

डबल बिल. 'हार्ड बॉइल्ड' (१९९२) आणि 'द रेड' (२०११).

जॉन वूचा 'हार्ड बॉइल्ड' बंदुकांचा, कबुतरं, टूथपिक, एका हातात बाळ आणि दुसऱ्यात पिस्तूल, सगळा थाट. हॉस्पिटलमधला अडीच मिनिटांच्या वरचा एक टेक आहे, दोघं गोळ्या घालत लिफ्टमध्ये शिरतात, लिफ्ट बंद, बोलतात, दार उघडतं तर दुसरा मजला. मजला तोच! दार बंद होतं तेवढ्या वीसेक सेकंदात बाहेर युनिटने मोडतोड आवरून सेट बदललेला. लिफ्टमधल्या शांत गप्पांकडे आता मला बघवत नाही, बाहेर झाडू घेऊन पळणारे लोकच दिसतात.

'द रेड' इंडोनेशियाचा, दिग्दर्शक मात्र वेल्सचा, गॅरेथ एव्हान्स, तिथल्या पेंचक सिलाट या युद्धकलेवर डॉक्युमेंटरी करायला गेला आणि तिथलाच झाला. जकार्तातली एक पडकी बिल्डिंग, पोलीस आत, गुंड वर, बास. बजेट दहा-अकरा लाख डॉलरच्या आसपास, हॉलिवूडमध्ये एवढ्यात हिरोची व्हॅनिटी येईल. इको उवाइस हिरो, पण लक्षात राहतो तो मॅड डॉग, बुटका, केस लांब, समोरच्यावर बंदूक रोखलेली असताना ती बाजूला ठेवून म्हणतो यात मजा नाही. शेवटी दोन भाऊ मिळून त्याला मारतात आणि तरी तो आवरत नाही. तुटक्या दाराच्या टोकावर मान अडकते तो सीन बघून नट किचनमध्ये निघून गेला.

आता गंमत बघा. 'हार्ड बॉइल्ड'मधल्या एका डोळ्याला पट्टी असलेल्या व्हिलनचं नाव पण मॅड डॉग, आणि तो केलाय फिलिप क्वोकने, ज्याने त्या पिक्चरची ऍक्शन बसवली. 'द रेड'चा मॅड डॉग यायान रुहियान, त्याने उवाइसबरोबर फाईट्स बसवल्या. म्हणजे दोन्हीकडे फाईट मास्टरने सगळ्यात वाईट मार स्वतःकडे ठेवला. आणि का नाही ठेवणार, हिरो चुकला तरी समोरचा सावरून घेतो, ठोसा दोन इंच लांबून गेला तरी मान बरोबर वेळेला फिरवतो. गाण्यात तबलजी कोण आहे ते जसं जाणकार आधी विचारतात तसं फाईटमध्ये मार कोण खाणार आहे ते विचारलं पाहिजे. आमच्या फाईटचा ताल म्हणून नटाकडे दिला. मोजणार तो, पैलवान फक्त ऐकणार.

३ ऑगस्ट

'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (२०१५), कॅमेरावालीच्या घरी प्रोजेक्टरवर, बाहेर धो धो पाऊस आणि आत वाळवंट. हा मी किती वेळा बघितलाय ते सांगत नाही. २७०० च्या आसपास कट आहेत, 'टेकन ३'ला लाजवतील इतके, आणि तरी एकदाही गोंधळ नाही, कारण बघायची गोष्ट सतत फ्रेमच्या मध्यावर ठेवलीय, डोळा शोधत फिरतच नाही. एडिटर मार्गारेट सिक्सेल, जॉर्ज मिलरची बायको, ४८० तासांचं फुटेज तिच्यासमोर आलं होतं, ऑस्कर मिळालं, मिळायलाच पाहिजे होतं. १२ जूनला मी कटवर जे तोंडसुख घेतलं ते कटवर नव्हतं, आळशीपणावर होतं.

लांब काठ्यांवर झुलणारी माणसं खरी आहेत. स्टंट बघणारा गाय नॉरिस, तो 'मॅड मॅक्स २' मध्ये (१९८१) विशीतला स्टंटमन होता, मोटरसायकलवरून उडताना पाय गाडीला लागून हवेत गरगर फिरत गेला, पाय मोडला, आणि तो शॉट पिक्चरमध्ये आहे. आधी पडला, मग तीस वर्षांनी इतरांनी कसं सुरक्षित पडायचं ते ठरवायला बसला.

एप्रिलमध्ये ऑस्करवाल्यांनी स्टंटसाठी वेगळा पुरस्कार जाहीर केला, २०२७ च्या पिक्चरांपासून, म्हणजे शंभराव्या सोहळ्यात मिळणार. शंभर! कपड्यांना, केसांना, गाण्याला कधीपासून आहे, आणि मान मोडून घेणाऱ्याला शंभराव्या वर्षी.

१० ऑगस्ट

शूट. काल राखी होती त्यामुळे पैलवानाच्या मनगटावर भलीमोठी राखी, काढणार नाही म्हणाला, मग नटालाही एक आणून बांधली, दोघांना एकच बहीण आहे असं समजा. कठडा काढला होता. तिसरी पायरी अपेक्षेप्रमाणे कुरकुरली.

पैलवान कुशीवर चार पायऱ्या घसरला आणि हात टेकून उठला, काय दिसतंय म्हणून सांगू, पाठ वर उचललेली, कासवाला उलटं होऊ द्यायचं नाही तशी. नटाने प्रत्येक पडण्याआधी हळूच मोजलं, ओठ हलताना दिसतायत, राहू दे. दोघांच्या धक्क्याने बंब वरून सुटला तो ठरलेल्या गादीवर न जाता भिंतीला आपटून, वळून, अंगणात, तुळशीवृंदावनाच्या वीतभर अलीकडे थांबला. काकू ओसरीवर भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "परत करायचं असेल तर आधी तुळस हलवा."

परत केलं नाही. तो टेक मिळाला होता.

१५ ऑगस्ट

सुट्टी आणि 'शोले'ला ५० वर्षं, त्यामुळे आज परदेशी बंद. ट्रेनची फाईट परत बघितली, पनवेल-उरण लाईनवरची, त्यासाठी इंग्लंडहून स्टंटची माणसं आणली होती, आणि टांग्याच्या पाठलागात बसंतीची डुप्लिकेट रेश्मा पठाण. लहानपणापासून धन्नोच्या नावाने ओरडलो, तिचं नाव यंदा माहीत झालं. जूनमध्ये इटलीत बोलोन्याला रिस्टोर केलेली, मूळ शेवटाची प्रिंट दाखवली, तीत ठाकूर गब्बरला मारतो. इकडे कधी येते बघू.

तिथून उलटं मागे जात यूट्यूबवर जुन्या स्टंटपटांची हिरोईन नादिया, तिचे तुकडे. 'हंटरवाली' १९३५ ची, परळच्या वाडिया मूव्हिटोनची, बाई जन्मली ऑस्ट्रेलियात पर्थला आणि परळमध्ये चाबूक घेऊन पुरुषांना डोक्यावर उचलून फेकत होती. 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये (१९३६) चालत्या ट्रेनच्या टपावर मारामारी. कीटनच्या ट्रेनवाल्या 'जनरल'नंतर दहाच वर्षांत. त्याच वाडिया स्टुडिओत पुढे शांतारामबापूंनी राजकमल उभा केला. ती ज्यांना फेकतेय ते लोक बघा पण, कुणाचंच नाव कुठे दिसत नाही, आणि काय सुरेख उडतात.

१९ ऑगस्ट

एडिट. पहिल्या कटमध्ये मी ठोशांवर कापत होतो, आता सगळं अर्धा सेकंद उशिरा कापलंय, माणूस पडून जमिनीवर थांबेपर्यंत. लांबी वाढली, आठ मिनिटांच्या वर गेली, सुरुवातीचं वकिलाचं पत्र वाचण्याचं सगळं काढून टाकलं. कुणालाही त्याची आठवण झाली नाही.

आवाजावरून वाद. नटाला ढिशुम पाहिजे, गंमत म्हणून. मी ओल्या जीन्स बाथरूमच्या फरशीवर आपटून रेकॉर्ड केल्यात, त्याच वापरणार. बंबाचा आवाज मात्र शूटचाच, त्याला हात लावायचा नाही, पायऱ्या, भिंत, अंगण, शेवटी एक भोवरा फिरल्यासारखी घरघर. कॅमेरावालीची कॉमेंट: "सगळ्यात चांगला पडला तो बंब." यावेळी पटलं.

क्रेडिटवर अडलंय. मला 'पडझड' अशी वेगळी पाटी पाहिजे, अभिनयाच्या पाटीच्याही आधी, आणि त्यात नटाचं नाव पहिलं. पैलवान म्हणतो माझं त्यात घालूच नको, मी पडलोच न्हाय, फुटेज बघ. फुटेज बघितलं. बरोबर आहे त्याचं.